गोळीत भांग नाही

मुलांना जंताचं औषध वर्षात कधी द्यायचं, हे ठरवायचं काम डॉक्टरबाईंनी माझ्याकडे दिलं, तेव्हा मला मराठी महिने क्रमाने म्हणता येत नव्हते. मार्गशीर्षापाशी मी अडखळायचे. वडील बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात केमिस्ट होते, आम्ही कंपनीच्या क्वार्टर्समध्ये राहत होतो आणि माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती. बी.एस्सी. होऊन मी घरी बसले होते. कुणी बोलायला आलं की मी आतल्या खोलीत जायचे. "जरा माणसांत मिसळ," म्हणून आईने मला स्टेशनजवळच्या डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात मदतीला पाठवलं.

डॉक्टरबाई मूळच्या नाशिकच्या. दवाखान्यात सकाळी पाळी सुटलेले कामगार यायचे, त्यांच्याशी त्या हिंदीत बोलायच्या. आठवड्यातून एक दिवस त्या तारापूरच्या बाजूला, समुद्रकाठच्या एका मच्छीमार गावात जायच्या. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतली मुलं तपासायची, वजनं घ्यायची, हे काम त्या स्वतःच्या हौसेने करत. मी वजनकाटा धरून त्यांच्या मागे असायचे. मला ते काम आवडायचं, कारण वजन घेताना बोलावं लागत नाही आणि बघायला भरपूर मिळतं.

आदल्या वर्षी त्यांनी शाळेतल्या सगळ्या मुलांना जंताचं औषध दिलं होतं, ते ऐन पावसात, शाळा सुरू झाल्या झाल्या. तेव्हा ते पातळ औषध होतं. तीन दिवस द्यायचं, मुलं पहिल्या दिवशी प्यायची आणि दुसऱ्या दिवशी थुंकायची. तरी बऱ्याच मुलांचे जंत पडले. दिवाळीपर्यंत मात्र मुलं पुन्हा होती तशी झाली. पोटं पुढे, हातापायांच्या काड्या.

"चूक औषधाची नव्हती, वेळेची होती," डॉक्टरबाई मला एसटीत सांगत होत्या. "पावसात जमीन ओली असते. मुलं घरामागे जिथे परसाकडे बसतात, तिथेच अनवाणी खेळतात. जंतांची अंडी ओल्या मातीत महिनोन्‌महिने टिकतात. आपण पोट साफ केलं आणि पोरं परत त्याच चिखलात सोडली. औषध उन्हाळ्यात द्यायला पाहिजे. वाळू तापलेली असते, अंडी मरतात. पोट साफ झालं की निदान पावसापर्यंत ते साफ राहतं. मग पाऊस संपल्यावर पुन्हा एकदा."

उमरोळीच्या पूर्वेला डोंगराकडच्या पाड्यांवर त्यांचं गणित वेगळं होतं. तिथली माणसं दिवाळी झाली की वीटभट्ट्यांवर जायची, पाडे रिकामे व्हायचे, म्हणून तिथे भातकापणीच्या आधीच औषध उरकायचं. समुद्रकाठची माणसं कुठे जात नाहीत, त्यामुळे तिथे उन्हाळा सोयीचा. इतकं ठरलं होतं. नेमका दिवस ठरवायचा राहिला होता.

"तो तू ठरव," त्या म्हणाल्या. "तू सगळं बघत असतेस. कुठल्या दिवशी शाळा भरलेली असते, सांग मला."

हे खरं होतं, मी बघत असायचे. काही आठवडे शाळा गच्च भरलेली असायची आणि काही आठवडे अर्धी. पोरं असायची किनाऱ्यावर. होड्या भरून आल्या की घरातलं प्रत्येक माणूस तिथे लागतं. बायका बोंबील निवडतात आणि मुलं ते जबड्यात जबडा अडकवून बांबूच्या मांडवावर टांगतात. मग मध्येच काही दिवस असे येतात की होड्या बाहेर पडत नाहीत. पुरुष जाळी दुरुस्त करत बसतात, बायका ओट्यावर असतात आणि मुलं शाळेत. घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी दोन महिने पेन्सिलीने खुणा केल्या होत्या आणि त्यावरून पुढचे रिकामे दिवस मला सांगता येत होते. त्यातला एक शनिवार मी निवडला. परीक्षा संपल्या होत्या, सकाळची शाळा होती आणि बायका घरी असणार होत्या. शिवाय पुढच्या शनिवारनंतर लगेच निकाल होता. निकालानंतर मुलं मामाकडे पांगणार आणि परत येणार ती पावसातच.

त्या वर्षी उशीर चालणारच नव्हता, त्याचं कारण दुसरीतली एक मुलगी होती. सात वर्षांची, पण वजनाच्या काट्यावर ती चार वर्षांच्या मुलीएवढी भरायची. वर्गात भिंतीला टेकून बसायची आणि नखाने भिंतीची माती उकरून खायची. गुरुजींनी हटकलं की हात मागे घ्यायची, तोंड हलत राहायचं. डॉक्टरबाईंनी तिची खालची पापणी ओढून मला दाखवली. आत कागदासारखं पांढरं होतं.

"हिने आणखी एक पावसाळा असा काढला, तर हिच्यात रक्त उरायचं नाही," त्या मला हळू आवाजात म्हणाल्या. "आणि हिला एकटीला देऊन भागणार नाही. सगळ्या आळीला एकदम द्यायला हवं. नाही तर शेजारच्या पोरांचे जंत परत हिच्याच पोटात."

औषध चांगलं आलं होतं. एकच गोळी, चावून खायची, चवीला गोडसर. बोईसरच्या एका मंडळाने खोकं भरून दिलं होतं. त्या शनिवारी आम्ही पहिल्या एसटीने निघालो.

शाळा गच्च भरली होती. माझं गणित बरोबर आलं म्हणून मी मनातून खूश होते. गुरुजी त्या वर्षीच बदलून आले होते, जळगावकडचे. त्यांनी मुलांना रांगेत उभं केलं. डॉक्टरबाईंनी पहिल्या मुलासमोर गोळी धरली. मुलाने ओठ घट्ट मिटले.

"आ कर."

मुलाने मान हलवली. त्याच्या मागच्यानेही. रांगेत शेवटपर्यंत सगळ्यांचे ओठ मिटलेले.

"काय झालं रे? कडू नाही. गोड आहे," मी म्हणाले. मुलांशी बोलायला मला जमायचं.

"घरी सांगलंय, गोली नाय खायची," एक धीट मुलगा म्हणाला.

"का?"

"भांग हाय."

गुरुजींचा चेहरा उतरला. ते डॉक्टरबाईंना बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, कुणीतरी अफवा उठवली दिसतेय. गोळीत भांग घातलीय म्हणून. होळीला प्यायले असतील, तेच डोक्यात."

डॉक्टरबाई भडकल्या. त्यांना आळस चालायचा, उधारी चालायची, पण औषधाबद्दल खोटं बोललेलं चालायचं नाही. त्यांनी खोक्यातलं एक पाकीट उचललं आणि तरातरा आळीत गेल्या. मी मागे, गुरुजी माझ्या मागे आणि सगळी शाळा गुरुजींच्या मागे.

ओट्यांवर बायका बसलेल्या होत्या. कुणी केस विंचरत होती, कुणी तांदूळ निवडत होती. मधल्या ओट्यावर त्या माती खाणाऱ्या मुलीची आजी होती. उंच, काळी, नाकात मोठी नथ, अंगावर घट्ट कासोटा. बोईसरच्या बाजारात मासळी विकताना मी तिला पाहिलं होतं. तिथे गिऱ्हाईक तिच्याशी भाव करायला घाबरायचं. आळीत तिने हो म्हटलं की हो असायचं.

डॉक्टरबाईंनी गोळी उंच धरली. "सगळ्यांनी नीट ऐका. मी डॉक्टर आहे. मी शपथेवर सांगते, या गोळीत भांग नाही!"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. आजी सावकाश म्हणाली, "गोलीत कशाला आसल?"

"मग मुलं का सांगतात, भांग आहे म्हणून?"

"हायच ना. आज भांगच हाय."

"नाहीये! मी सांगते ना, नाहीये!"

"आगं बाय, तू कितीबी नाय म्हन, आज आठम हाय. भांग हायच!"

एक म्हातारी खुदकन हसली, मग दुसरी, आणि मग सगळी आळी हसायला लागली. तांदूळ निवडणारीने सूप खाली ठेवलं. "डॉक्टरीनबायला वाटलं, आमी पोरांना भांग पाजतों!" कुणी तरी ओरडलं आणि पुन्हा हसू उसळलं. मागची शाळाही हसायला लागली. डॉक्टरबाई गोळी तशीच वर धरून उभ्या होत्या.

मला तेव्हा माझ्या कॅलेंडरवरच्या खुणा आठवल्या. होड्या न जाणारे दिवस. भांग म्हणजे ते दिवस. मी आजीच्या ओट्याजवळ जाऊन हळूच विचारलं, "मावशी, भांग म्हणजे पाणी कमी असतं, ते ना?"

तिने माझ्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "ही बोलते वाटतं," ती शेजारणीला म्हणाली. मग मला म्हणाली, "आवसेला नि पुनवेला दर्याला उधान. आठमीला भांग. पानी चढत नाय, जोर नाय. होड्या कशाला काडायच्या? आनि जंत पन तसेच. उधानाला वर चढतात, वळवळतात. तवा औशद बरोबर डोक्यावर बसतं. भांगाला दडून बसतात आतड्यात. आज गोली दिली तं फुकट. आमी किराईताचा कडू काडा पन आवसेलाच पाजतों पोरांना."

म्हणजे बायका घरी असतील असा दिवस मी शोधला होता आणि तो अचूक निघाला होता. माझ्या गणितात फक्त जंत धरलेले नव्हते.

डॉक्टरबाईंनी समजावून पाहिलं. समुद्राच्या पाण्याचा आणि पोटातल्या जंतांचा काही संबंध नाही, औषध कुठल्याही दिवशी सारखंच काम करतं, असं त्या चांगली पंधरा मिनिटं बोलल्या. आजी मान डोलावत ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "तुजं खरं आसल. पन डोकं फिरलेल्या मानसाचं आवसेलाच जास्ती फिरतं, तां काय मी बोलले म्हनून फिरतं?"

तिची नात तिच्या पाठीमागे उभी राहून ओट्याच्या कडेची माती खात होती.

परतीच्या एसटीत डॉक्टरबाई खिडकीबाहेर बघत होत्या. खोकं माझ्या मांडीवर, जसं नेलं तसं. "आता शाळेला सुट्टी लागेल," त्या म्हणाल्या. "गेलं हे वर्ष. पुन्हा पावसातच द्यावं लागणार. त्या पोरीचं काय करू मी?"

मी वाक्य मनात दोनदा बोलून पाहिलं, मग मोठ्याने म्हटलं. "तुम्ही म्हणालात, औषध कुठल्याही दिवशी सारखंच चालतं."

"चालतंच."

"मग अमावास्येलाही चालेल."

त्यांनी मान वळवली.

"पुढच्या शनिवारी आहे. निकालाच्या आधी," मी म्हणाले. कंडक्टरच्या मागे तिकिटाच्या दरांशेजारी कुणी तरी देवाचं कॅलेंडर लावलं होतं, त्यावरचा अमावास्येचा काळा गोल मला जागेवरून दिसत होता.

"अगं, पण म्हणजे त्यांचंच खरं केल्यासारखं होईल. उद्या बोईसरभर होईल, डॉक्टरीण अमावास्या पाळते. मग म्हणतील, तापाचं औषधही पौर्णिमेला द्या."

"तापाला तुम्ही थांबू नका. जंत एक आठवडा थांबले तर चालतं."

पाम गाव मागे गेलं, कारखान्यांच्या चिमण्या दिसायला लागल्या. मग त्या एकदम म्हणाल्या, "पण उधाणाला शाळेत कोण असणार? तूच म्हणतेस, सगळी किनाऱ्यावर असतात."

"आपण किनाऱ्यावर जाऊ."

इतकी वाक्यं मी सलग कुणाशी बोलले नव्हते. डॉक्टरबाई हसल्या नाहीत की त्यांनी शाबासकी दिली नाही. "टोपी आण," एवढंच म्हणाल्या. "ऊन असेल."

अमावास्येच्या सकाळी आम्ही सुरूच्या झाडांमधून वाळूत उतरलो तेव्हा होड्या आलेल्या होत्या. वास असा होता की मी तोंडाने श्वास घेत होते आणि ते कुणाला कळू नये म्हणून तोंड अर्धंच उघडत होते. शेकडो बोंबील मांडवावर लोंबत होते. मुलांचे हात कोपरापर्यंत चिकट. गुरुजी पाण्याची कळशी घेऊन आले होते.

"आज बरोबर आलीस," आजी लांबूनच म्हणाली. टोपलीवरून उठली नाही. "ही टोपीवाली मेमसाब कोन?"

"मीच, मावशी."

"वाटलं, सिनेमाची हाय." आजूबाजूच्या बायका हसल्या. आजीने बोंबील बाजूला टाकला आणि मला आपादमस्तक न्याहाळलं. "बाय, एक विचारू? तू तिकडं कंपनीच्या घरात राहतेस. संडास घरात, पाय धुवायला नळ. तुमच्यात पोरांना देतात ही गोली? की आमच्याच पोरांवर करून बघतां?"

डॉक्टरबाई उत्तर द्यायला पुढे झाल्या, पण प्रश्न मला होता. सगळ्या बायकांचे हात थांबले होते. आमच्या घरात तो शब्द कधी उच्चारलाच गेला नव्हता. 'टमी अपसेट' म्हणायचे. आई दार लावून औषध द्यायची आणि शाळेत सांगायचं नाही, असं बजावायची.

"मला होते जंत," मी म्हणाले. आवाज बारीक आला, म्हणून पुन्हा म्हणाले. "चौथीत असताना मला जंत झाले होते. लांब. आईने औषध दिलं आणि पडले."

"घरात संडास आसून?"

"घरात संडास असून."

आजीने डोळे मोठे केले. मग मांडीवर थाप मारून ती शेजारणीला म्हणाली, "आइकलंस? कंपनीवाल्यांच्या पोटात पन! मग आपली पोरं तं वाळूत लोळतात!" बायका इतक्या हसल्या की होडीवरचे पुरुष वळून बघायला लागले. मला वाटलं होतं, मी लाजेने तिथेच वाळूत जाईन. तसं काही झालं नाही. उलट पाय वाळूत चांगले रोवल्यासारखे वाटले.

"आन," आजी म्हणाली. तिने नातीचा दंड धरून तिला पुढे ओढलं. "पैली हिला."

मुलीचे हात बोंबलाने माखले होते, म्हणून गोळी मीच तिच्या जिभेवर ठेवली. ती गंभीरपणे चावत राहिली. सगळा किनारा तिच्या जबड्याकडे बघत होता. गिळून झाल्यावर तिने विचारलं, "आनखी?"

त्यानंतर रांग लागली नाही, झुंबड उडाली. डॉक्टरबाई ताप आहे का विचारून तापाची मुलं बाजूला काढत होत्या, गुरुजी पाणी पाजत होते, मी जिभेवर गोळ्या ठेवत होते. मुलं गोळी खाऊन पुन्हा मागून यायची, दुसरी मिळावी म्हणून. एक दोघांना मी चेहऱ्यावरून ओळखून परत पाठवलं. तोंडं लक्षात ठेवणं मला सोपं जातं. आजीने दोन सुना आणि एक धाकटी जाऊही ओढून आणली. "हिला पन दे, ही पन माती खाते चोरून." डॉक्टरबाईंनी त्यांना आधी बाजूला नेऊन, दिवस गेलेले नाहीत ना, हे विचारलं आणि मग दिली.

निकालाच्या दिवशी मी एकटीच गेले. डॉक्टरबाईंनी त्या मुलीसाठी लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या, त्या पोचवायच्या होत्या. एसटीतून उतरून आळीच्या तोंडाशी पोचले, तोच मधल्या ओट्यावरून आरोळी आली.

"पडले गं बाय, पडले!"

शाळेतून निकाल घेऊन निघालेले बाप, गुरुजी, सगळे थांबले.

"येवढाले!" आजीने दोन्ही हात पसरून लांबी दाखवली. "गुंडाळीच पडली! करवंटीत ठेवलेत, दाखवू?"

मी बघितले. डॉक्टरबाई विचारणार होत्या, किती आणि कसे, म्हणून नीट बघितले. मुलगी शेजारीच उभी होती आणि करवंटीवर तिची मालकी असल्यासारखी दोन्ही हातांनी ती धरून होती. पुढची करवंटी शेजारच्या घरातून आली, मग तिसरी. कुणाचे जास्त, यावर पोरांची भांडणं लागली.

"बगितलंस ना, उधानाचा जोर!" आजी म्हणाली.

"औषधही चांगलं आहे, मावशी."

"औशद चांगलं. पन उधान नसतं तं काय केलं आसतं त्यानं?"

मी वाद घातला नाही. लोहाच्या गोळ्या कशा द्यायच्या ते सांगितलं. रोज एक, जेवणानंतर, शी काळी होईल, घाबरायचं नाही. ही गोळी मात्र भांगालाही द्यायची, रोज, न चुकता, हे मी दोनदा सांगितलं. आजीने माझ्याकडे जरा संशयाने पाहिलं. "जंताला तिथी, रक्ताला नाय," मी म्हणाले. तिला ते पटलं.

पुढचा सगळा मे महिना वाळू तापत होती. त्या मुलीच्या पोटात नवं काही जायची भीती कमी होती आणि डॉक्टरबाईंना हवा होता तो वेळ तिला मिळाला होता. पाऊस लागायच्या आधी आजी बाजारात मासळी घेऊन बोईसरला आली, तेव्हा दवाखान्याच्या पायरीवर टोपली ठेवून म्हणाली, "माती खायची सुटली. आता भात मागते. दोनदा मागते. तुमी तिचा खर्च वाडवला." आणि तिने चार ताजे बोंबील पायरीवर ठेवले.

मग तिने मला बाजूला बोलावलं. "पुडली गोली कधी देनार?"

"पाऊस संपल्यावर."

"पाऊस संपला म्हनजे कधी? आवस सांग."

मी आत जाऊन कॅलेंडरची पानं उलटली. एव्हाना महिने मला क्रमाने येत होते. "भाद्रपदातली अमावास्या आहे, पाऊस तेव्हा सरत येतो..."

"ती नको. ती सर्वपित्री. घराघरात पितरांचं पान असतं, पोरं खीर-वडे खाऊन पडलेली असतात. त्या दिवशी गोली दिली तं पितरं बोलतील." तिने टोपली डोक्यावर चढवली. "पुनवेला पन उधान असतं, आनि जास्ती असतं. कोजागिरी बग."

ती गेल्यावर डॉक्टरबाईंनी विचारलं, "काय म्हणत होती?"

"पुढची गोळी कोजागिरीला."

त्यांनी चष्मा वर सरकवला. "कोजागिरी म्हणजे ऑक्टोबर. पाऊस गेलेला असेल?"

"गेलेला असेल. जमीन वाळायला लागलेली असेल."

"शाळा?"

"दिवाळीची सुट्टी लागायची असेल अजून."

"आणि त्यांचं ते उधाण?"

"पौर्णिमा आहे, डॉक्टरबाई."

त्यांनी कॅलेंडरवर ती तारीख शोधून खूण केली. मग कामगारांच्या रांगेतल्या पहिल्या माणसाला हाक मारण्याआधी म्हणाल्या, "गोळ्या आत्ताच मागवून ठेव. आणि डोंगराकडच्या पाड्यांवर विचारून घे, त्यांचे जंत कशावर चालतात."